हौशी संगणक आज्ञावली आणि परवान्याची स्पष्ट भाषा

प्रस्तावना :

महाविद्यालयांत अध्यापन करणारे अनेक जण आवड म्हणून लहानमोठ्या संगणक आज्ञावली लिहितात. जुन्या टंकातील मराठी मजकूर युनिकोडमध्ये आणणे, प्रयोगातील नोंदींचा आलेख काढणे अशी कामे या आज्ञावली करतात. लेखक त्या सहकाऱ्यांना देतो, ‘कोणीही वापरावी’ असे तोंडी सांगतो आणि विषय संपला असे मानतो. कायद्याच्या दृष्टीने मात्र तो तेथे संपत नाही. भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार संगणक आज्ञावली ही साहित्यकृतीत मोडते. तिच्यावरील हक्क नोंदणीवाचूनच निर्माण होतो आणि लेखकाच्या मृत्यूनंतरही ६० वर्षे टिकतो. त्यामुळे परवाना नसलेली आज्ञावली सर्वांना खुली ठरत नाही. उलट तीत बदल करून ती पुढे देण्यास कोणालाही परवानगी नाही, असाच अर्थ होतो. हक्क सोडून द्यावयाचा असला तरी कलम २१ प्रमाणे रीतसर सूचना द्यावी लागते.

जेकबसन विरुद्ध कॅट्झर :

परवान्यातील शब्दांचे महत्त्व ज्या खटल्याने ठळकपणे समोर आणले, तो खेळण्यातल्या रेल्वेशी संबंधित होता, हे काहीसे गमतीचे वाटेल. अमेरिकेतील बर्कली येथील भौतिकशास्त्राचे प्राध्यापक रॉबर्ट जेकबसन आणि त्यांचे हौशी सहकारी यांनी छोट्या रेल्वेगाड्या संगणकावरून चालविणारी ‘जेएमआरआय’ ही आज्ञावली तयार केली. ‘आर्टिस्टिक’ या परवान्याखाली ती विनामूल्य उपलब्ध होती. मूळ लेखकांची नावे व कॉपीराइटचा उल्लेख कायम ठेवावा आणि केलेले बदल नोंदवावेत, अशा त्यातील अटी होत्या. ऑरेगन राज्यातील व्यावसायिक मॅथ्यू कॅट्झर यांच्या उत्पादनात या आज्ञावलीचा भाग अटी न पाळता घेतला गेला, असा जेकबसन यांचा आरोप होता. २००६ मध्ये ते न्यायालयात गेले.

२००७ मध्ये जिल्हा न्यायालयाने मनाईहुकूम नाकारला. परवानगी इतकी व्यापक आहे की अट मोडणे हा फार तर कराराचा भंग होईल, कॉपीराइटचा नव्हे, असे त्या न्यायालयाचे म्हणणे होते. हा फरक केवळ शाब्दिक नाही. जी वस्तू फुकट दिली, तिच्या करारभंगाची भरपाई कितीशी मिळणार? १३ ऑगस्ट २००८ रोजी अपील न्यायालयाने तो निर्णय फिरविला. परवान्यात ‘या अटीवर’ अशा अर्थाचे शब्द होते. त्यामुळे अट पाळली नाही तर परवानगीच उरत नाही, असे न्यायालयाने ठरविले. पैशाची देवघेव नसली म्हणून लेखकाचे आर्थिक हितही नसते असे मानता येणार नाही, हेही त्याने नोंदविले. २०१० मध्ये तडजोड झाली आणि कॅट्झर यांनी १ लाख डॉलर देण्याचे मान्य केले. एका छंदासाठी चार वर्षे कोर्टकचेरी करावी लागली आणि वादाचा मोठा भाग एका वाक्प्रयोगाभोवती फिरला.

परवान्याची निवड :

‘आर्टिस्टिक’ परवान्याची पहिली आवृत्ती संदिग्ध असल्याची टीका फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने आधीपासूनच केली होती. यावरून स्वतःचा परवाना स्वतः रचण्याचा मोह टाळणेच बरे, असे म्हणावे लागेल. डग्लस क्रॉकफर्ड यांनी आपल्या परवान्यात आज्ञावली चांगल्या कामासाठी वापरावी, वाईटासाठी नव्हे, अशी ओळ घातली. हेतू निर्मळ होता. पण चांगले-वाईट कोणी ठरवावयाचे? डेबियनसारख्या प्रकल्पांनी तो परवाना मुक्त मानला नाही.

केवळ श्रेय मिळावे एवढीच अपेक्षा असेल तर एमआयटी परवाना पुरेसा आहे. तो जेमतेम पानभर आहे. बदललेली आज्ञावली इतरांना देणाऱ्याने तिची मूळ संहिताही त्याच अटींवर खुली करावी, अशी इच्छा असल्यास जीपीएल निवडावा. त्याची आवृत्ती मात्र नमूद करावी. २ (१९९१) आणि ३ (२००७) यांतील अटी भिन्न आहेत आणि आवृत्ती न सांगितल्यास घेणारा कोणतीही निवडू शकतो. पेटंटविषयक परवानगी स्पष्ट हवी असेल तर अपाचे २.० (२००४) उपयुक्त ठरतो. परवान्याची पूर्ण प्रत आज्ञावलीसोबत ठेवावी आणि प्रत्येक फाइलच्या आरंभी नाव, वर्ष व परवाना लिहावा.

प्राध्यापकांच्या बाबतीत एक पायरी याच्याही आधी येते. नोकरीतील कर्तव्याचा भाग म्हणून लिहिलेल्या कृतीचा प्रथम मालक, वेगळा करार नसल्यास, कलम १७ नुसार नियोक्ता असतो. विभागाच्या कामासाठी लिहिलेली आज्ञावली खुली करण्यापूर्वी संस्थेची लेखी संमती घ्यावी लागेल. रविवारी घरी छंद म्हणून लिहिलेलीची गोष्ट निराळी.