वळिवड्याचा पोलिश धर्मग्राम : पाच वर्षं चाललेली एक गोष्ट

ज्यांना बसमध्ये हेडफोन सापडत नाहीत, त्यांच्यासाठी या आठवड्याचा एपिसोड लेखी स्वरूपात.

कोल्हापूरचा माणूस लग्नाचा बस्ता बांधायला कुठं जातो? गांधीनगरला. माझ्या दोन बहिणींचे बस्ते तिथंच बांधले, मी पिशव्या उचलून उचलून वैतागलो होतो. तेव्हा माझी आजी दुकानाबाहेर स्टुलावर बसून सहज म्हणाली, "हितं आधी पोलंडवाली होती. डोक्याला रुमाल बांधून देवळात जायची. त्यांच्या देवळात." आजी रुकडीची, म्हणजे रेल्वेनं वळिवड्याच्या पुढचं स्टेशन. मला वाटलं, वयानं काहीतरी घोळ होतोय. घोळ माझ्या डोक्यात होता.

१९४३ ते १९४८ या काळात वळिवड्याच्या माळावर पोलंडच्या सुमारे ५ हजार लोकांची वस्ती होती. लांबलचक बराकी, प्रत्येक कुटुंबाला त्यातला एक भाग. शाळा, दवाखाना, नाटकं, स्काउट, आणि कॅथलिक चर्च. भारतातली ही सगळ्यात मोठी पोलिश वस्ती.

ही माणसं इथं पोचली कशी, ते थोडक्यात सांगतो. सप्टेंबर १९३९ मध्ये पोलंडवर पश्चिमेकडून जर्मनी आणि पूर्वेकडून सोव्हिएत रशिया चालून आला. पूर्व भागातल्या लाखो लोकांना १९४० आणि ४१ मध्ये मालगाडीत कोंबून सायबेरिया, कझाकस्तानकडे पाठवलं. मग हिटलर रशियावर उलटला, आणि जुलै १९४१ मध्ये रशिया आणि लंडनमधलं परागंदा पोलिश सरकार यांच्यात करार झाला. लोक सुटले. जनरल अँडर्सच्या सैन्यासोबत १९४२ मध्ये लाखभराहून जास्त माणसं कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणला आली. पुरुष लढाईवर गेले. बायका, मुलं, म्हातारी माणसं यांना कुठं ठेवायचं? काही आफ्रिकेत गेली, काही जामनगरजवळ बालाचडीला, आणि बरीच आपल्याकडं.

इथं एक गोष्ट सांगायलाच पाहिजे, कारण व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या मेसेजमध्ये हमखास असतं की "महाराजांनी स्वतः पोलिशांना बोलावलं". १९४३ मध्ये कोल्हापूरच्या गादीवरचे छत्रपती दोन वर्षांचेसुद्धा नव्हते! कारभार रीजन्सी कौन्सिलकडे होता. संस्थानानं जागा दिली हे खरं, त्याचा अभिमान जरूर बाळगा. पण खर्चाचा मोठा भाग लंडनमधल्या पोलिश सरकारकडून येत होता. मेसेज पुढं ढकलण्याआधी एवढं ध्यानात असू द्या.

आता चर्चकडं येऊ. कोल्हापुरात ख्रिस्ती लोक आधीपासून होते. १८५२ साली रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी इथं आले, तिथून प्रॉटेस्टंट परंपरा सुरू झाली. म्हणजे बाहेरून धर्मोपदेशक आले आणि इथले लोक जोडले गेले. वळिवड्यात उलटं झालं. इथं अख्खा समाजच बाहेरून आला, आणि येताना आपला पॅरिश सोबत घेऊन आला.

पॅरिश म्हणजे काय? वसईचे कॅथलिक लोक त्याला छान शब्द वापरतात, 'धर्मग्राम'. इमारत म्हणजे पॅरिश नाही. ठराविक लोक, त्यांच्यासाठी नेमलेला धर्मगुरू, आणि नोंदवह्या, एवढं असलं की धर्मग्राम उभा राहतो. बाप्तिस्मा, लग्न, मृत्यू, सगळं वहीत उतरवायचं. लग्नाच्या नोंदीचा नियम १५६३ च्या ट्रेंट परिषदेनं घालून दिला. मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे मला ही भानगड फार आवडली. लग्न दुसऱ्या गावात झालं तरी ते तुमच्या बाप्तिस्म्याच्या मूळ पॅरिशला कळवतात, आणि तिथल्या वहीत तुमच्या नावाशेजारी समासात टीप पडते. इंटरनेटच्या कितीतरी आधीचं सिंकिंग, तेही पोस्टानं.

पण वळिवड्यातल्या पोरीचं लग्न ठरलं तर कळवायचं कुणाला? तिचं मूळ पॅरिश सोव्हिएत ताब्यातल्या गावात, तिथली वही शिल्लक आहे की जळाली याचा पत्ता नाही. अशा वेळी चर्चचा कायदा साक्षीवर चालतो. बाप्तिस्मा झाला होता, असं एका विश्वासू माणसानं शपथेवर सांगितलं तरी पुरतं. म्हणजे जुन्या गावातली एखादी शेजारीण, जी सायबेरियातून वाचली आणि पुढच्याच बराकीत राहते, तीच तुमचा बॅकअप.

ही नुसती धार्मिक बाब नव्हती. फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टाला रूझवेल्ट, चर्चिल आणि स्टालिन बसले आणि पोलंडचा पूर्व भाग रशियाकडं जाणार हे ठरलं. वळिवड्यातल्या बहुतेकांची गावं तिथलीच. जुलैमध्ये ब्रिटननं लंडनच्या पोलिश सरकारची मान्यता काढली. आता गाव परदेशात आणि पासपोर्ट ज्या सरकारचा, ते सरकार ब्रिटनसुद्धा मानत नाही. जिथं आपलं नाव, आईबापाचं नाव, जन्मगाव अजून जसंच्या तसं लिहिलेलं आहे अशी एखादीच जागा उरते, आणि ती म्हणजे धर्मगुरूच्या टेबलावरची वही.

मिरवणुका निघत, मुलांचे प्रथम कम्युनियनचे सोहळे होत. त्या वेळचे फोटो आहेत, पांढऱ्या कपड्यातल्या पोरी ओळीनं उभ्या, मागं आपल्याकडचं रखरखीत ऊन. पोलिश नाताळात २४ डिसेंबरला आकाशात पहिला तारा दिसला की जेवायला बसायचं, आणि आधी पातळ पापडासारखी वेफर मोडून एकमेकांना द्यायची. टेबलावर एक ताट जास्तीचं मांडायचं, वाट चुकून येणाऱ्यासाठी. आता विचार करा, ज्या घरातला बाप इटलीत लढतोय, त्या घरात ते ताट कुणाचं असेल?

१९४७-४८ मध्ये वस्ती रिकामी होत गेली. बरेच जण इंग्लंडला गेले, कारण सैनिकांच्या कुटुंबांना तिथं राहायची परवानगी मिळाली. काही पोलंडला, काही आणखी लांब. मोजक्या मुली इथंच लग्न करून राहिल्या. लोक गेले की धर्मग्राम संपतो. बराकी मात्र रिकाम्या राहिल्या नाहीत. फाळणीत सगळं सोडून आलेले सिंधी लोक तिथं उतरले, आणि गांधीनगर झालं. एका निर्वासिताच्या घरात दुसरा निर्वासित आला आणि त्यानं कापडाचा धंदा उभा केला.

आज काय बघायला मिळतं? महावीर गार्डनमध्ये १९९८ साली उभारलेला स्तंभ आहे. तिकडं वॉर्सामध्ये कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे, ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधान मोदी तिथं गेले होते. आणि कोल्हापूरच्या ख्रिस्ती दफनभूमीत पोलिश थडगी आहेत. वळिवड्याच्या धर्मग्रामातली ही माणसं कायमची इथं राहिली.

मी एका रविवारी आजीला तिकडं घेऊन गेलो. फोनचा कॅमेरा धरून एकेक दगड वाचायचा प्रयत्न करत होतो. आजीनं विचारलं, "काय लिवलंय?" म्हटलं, नाव, साल. ती म्हणाली, "गाव लिवलंय का बघ."