हिवाळी निद्रा आणि शेजारधर्म

अमेरिकेच्या ईशान्य भागात बर्फ पडू लागले की जुन्या लाकडी घरांच्या माळ्यावर वा भिंतींच्या पोकळीत एखादे मोठे तपकिरी वटवाघूळ हिवाळाभर मुक्कामाला असते. घरमालकाला त्याची बहुधा कल्पनाही नसते. जानेवारीतल्या एखाद्या रात्री ते दिवाणखान्यात भिरभिरू लागले की मात्र धांदल उडते आणि त्याला तत्काळ बाहेर हाकलण्याची मागणी होते. मागणी स्वाभाविक खरी. पण त्या थंडीत हाकलणे हे देहदंडाहून फारसे वेगळे नाही.

आपल्याकडील वडापिंपळांवर लटकणाऱ्या फलाहारी वटवाघळांशी यांची गल्लत करू नये. ही कीटकांवर जगणारी जात. हिवाळ्यात कीटक नाहीत, तेव्हा शरदात अंगावर साठवलेली चरबी हीच वसंतापर्यंतची शिदोरी. ती पुरावी म्हणून हा प्राणी शीतनिद्रेत जातो. शरीराचे तापमान भोवतालच्या हवेच्या जवळपास उतरते. उडताना मिनिटाला हजाराच्या घरात जाणारे हृदयाचे ठोके काही थोड्यांवर येतात. अशा वेळी एकेका जागरणाची किंमत त्या चरबीतूनच मोजावी लागते.

ही किंमत केवढी, हे 2006 साली न्यूयॉर्क राज्यातील एका गुहेत प्रथम आढळलेल्या ‘पांढरे नाक’ या रोगाने दाखवून दिले. थंड, दमट गुहेत वाढणारी एक बुरशी निद्रिस्त वटवाघळांच्या कातडीवर पसरते, त्यांना वारंवार जागे करते, आणि शिदोरी संपलेली ती वटवाघळे ऐन हिवाळ्यात उपासमारीने मरतात. लहान तपकिरी वटवाघळांच्या रोगग्रस्त वसाहती नव्वद टक्क्यांहून अधिक ओसरल्या. मोठ्या तपकिरी जातीला तुलनेने कमी झळ पोहोचली.

घरमालकाची भीती निराधार आहे असे मात्र म्हणता येणार नाही. वटवाघळाच्या चाव्यातून रेबीज होऊ शकतो, आणि चावा इतका बारीक असतो की झोपलेल्याला कळतही नाही. म्हणून झोपलेल्या माणसाच्या खोलीत वटवाघूळ सापडल्यास डॉक्टरांकडे जाण्यात हयगय नको; त्याला उघड्या हाताने शिवणे तर नकोच. परंतु माळ्यावर निमूट लटकलेल्याची गोष्ट वेगळी. माळ्यातून खोल्यांत उतरणाऱ्या फटी बुजवाव्यात, बाहेरची वाट मोकळी ठेवावी. ती बंद करण्याची घाई वसंतातही करू नये. उन्हाळ्याच्या आरंभी माद्या वितात, एक किंवा फार तर दोन पिल्ले, आणि ती उडू लागेपर्यंत ऑगस्ट उजाडतो.