मामी ‘बारा’त आहे, ‘सात’मध्ये नाही

तुमच्या घरी शेती असेल, तर एक छोटी टेस्ट घ्या. घरात शेतकरी कोण, असं आईला विचारा. ती कोणाचं नाव घेते ते बघा.

मी संक्रांतीच्या सुट्टीत मामाकडे गेले होते. गाव चांदवड तालुक्यात. पेपरसाठी ‘शेतकऱ्याचा एक दिवस’ असं काहीतरी लिहायचं डोक्यात होतं. पोचले तेव्हा मामी नुकतीच वाफ्यातून वर आली होती. पाय पोटरीपर्यंत चिखलात, कमरेला पदर खोचलेला. उन्हाळ कांद्याची लागवड चालू होती. मी म्हटलं, “मामी, मला शेतकऱ्याची मुलाखत घ्यायचीये.” ती म्हणाली, “अगं, हे मार्केटला गेलेत. संध्याकाळी येतील.”

मला हसू आलं, पण ती अगदी सिरियसली बोलत होती.

मग मी मामाची वाट न बघता मामीच्याच मागे फिरले. पहाटे साडेचारला तिची चूल पेटते. शेण, धारा, डबे, आजीचं गरम पाणी, आणि आठला वाफ्यात. लागवडीला मजूर मिळत नाहीत, म्हणून गल्लीतल्या सात-आठ जणींनी सावड केलीये. आज मामीचं रान, उद्या शेजारणीचं. पैशाचा व्यवहार नाही. दिवसभर वाकून ओल्या मातीत एकेक रोप खोचायचं. मी तासाभरात कंबर धरून बांधावर बसले. दुपारी त्याच जणी बचत गटाचा हिशोबही बांधावरच करतात. वही मामीकडे असते.

शेजारच्या एका वहिनींचे मिस्टर गेल्या वर्षी वारले. जमिनीवर त्यांची वारस नोंद व्हावी म्हणून मामी त्यांच्यासोबत तलाठी कार्यालयात चकरा मारत होती. “एकटी बाई गेली की उद्या या म्हणतात. दोघी गेलो की जरा ऐकतात,” ती म्हणाली.

त्याच दुपारी मामीनं मोबाईल काढला आणि शेतात उभं राहून कांद्याचा फोटो घेतला. ही ई-पीक पाहणी. 2021 पासून आपल्या राज्यात शेतकऱ्याला पिकाची नोंद अशी ॲपवर स्वतः करता येते. मामाला ते ॲप जमत नाही, म्हणून ते काम मामीकडे.

आता इथे जरा थांबा. सातबारा म्हणजे दोन नमुने. नमुना सातवर जमीन कुणाची ते असतं, नमुना बारावर पीक कोणतं ते. बारा मामी भरते. साताऐवजी तिचं नाव कुठे आहे, म्हणून मी उतारा बघितला. सातवर फक्त मामाचं नाव. पंचवीस वर्षं ज्या रानात ती राबते, त्याच्या कागदावर ती नाहीच. आणि पीककर्ज असो, पीएम किसानचा हप्ता असो की भरपाई, सगळीकडे आधी सातबारा मागतात.

हे फक्त मामीचं नाही. 2015-16 च्या कृषी गणनेनुसार देशात शेती कसणाऱ्यांच्या खात्यांपैकी साधारण 14 टक्केच बायकांच्या नावे आहेत. संयुक्त राष्ट्रांनी 2026 हे आंतरराष्ट्रीय महिला शेतकरी वर्ष म्हणून जाहीर केलंय. पण वर्ष साजरं करून सातबाऱ्यावर नाव चढत नाही.

रात्री जेवताना मी विषय काढला. मामा म्हणाला, “सगळं तिचंच तर आहे, कागदाचं काय एवढं?” तेव्हा आजी बोलली. 1986 ला चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन झालं, त्याला ती गेली होती. पुढे शरद जोशींनी ‘लक्ष्मीमुक्ती’ची हाक दिली, की शेतकऱ्यांनी जमिनीचा वाटा बायकोच्या नावे करावा. “तुझ्या वडलांनी तेव्हा बघू म्हटलं. बघता बघता गेले ते. मग मी पण घातल्याच ना चकरा,” आजी मामाला म्हणाली.

मामा गप्प. मामी भाकरी थापत म्हणाली, “नाव लागलं म्हणून खुरपं हलकं होणारे का?” मग तव्यावरची भाकरी उलटून हळूच म्हणाली, “पण लागलं तर बरंच आहे.”

1992 पासून सरकारचीही लक्ष्मीमुक्ती योजना आहे. नवऱ्यानं स्वखुशीनं अर्ज केला, तर त्याच्या हयातीतच बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावता येतं. निघताना मी मामाला अर्ज लिहून दिलाय. अजून सही झालेली नाही. दर रविवारी फोन करून विचारते.

तुम्ही पण आज एक करा. महाभूलेखवर तुमच्या घरचा सातबारा मोफत बघता येतो. मोबाईल हातात आहेच, उघडा. आईचं नाव नसेल, तर बाबांना विचारा. ते ‘बघू’ म्हणतील. तुम्ही पुढच्या रविवारी परत विचारा.