रेल्वे डब्यांच्या प्रतिकृती (किट जोडणी)

रेल्वे डब्यांच्या प्रतिकृतींची किट जोडणी हा नमुना रेल्वेच्या छंदाचा एक भाग आहे. प्लास्टिक, पितळ किंवा अन्य धातूंच्या सुट्या भागांचा संच (किट) जोडून, रंगवून आणि खिडक्यांना काचा बसवून प्रवासी डब्याची प्रमाणबद्ध प्रतिकृती त्यात तयार केली जाते. इंजिनाची प्रतिकृती बाहेरूनच पाहिली जाते. डबा मात्र पोकळ असतो, त्याच्या लांब सपाट बाजूंवर खिडक्यांची रांग असते आणि त्या खिडक्यांतून आतील भाग स्पष्ट दिसतो. त्यामुळे डब्याच्या बांधणीत कामाचा क्रम निर्णायक ठरतो. डबा बंद झाल्यावर ज्या जागी कुंचला किंवा चिमटा पोहोचणार नाही, तेथील काम आधीच संपवावे लागते.

मराठी बोलीत संपूर्ण डब्यालाच 'बोगी' म्हणण्याचा प्रघात आहे. तांत्रिक अर्थाने बोगी म्हणजे डब्याखाली फिरता बसवलेला चाकांचा गाडा होय. किटच्या सूचनापत्रांत हा शब्द याच अर्थाने येतो, आणि पुढेही तो त्याच अर्थाने वापरला आहे.

प्रमाण व गेज

ब्रिटनमध्ये सर्वाधिक प्रचलित असलेल्या 'डबल-ओ' पद्धतीत वास्तवातील एक फूट ४ मिलिमीटरने दाखवला जातो, म्हणजेच प्रमाण १:७६.२ असते. रुळांमधील अंतर मात्र १६.५ मिमी असते. ४ फूट ८½ इंचांचे प्रमाण गेज या हिशेबाने १८.८३ मिमी यायला हवे. ब्रिटिश गाड्या युरोपीय गाड्यांपेक्षा अरुंद असल्याने तत्कालीन मोटारी बसवण्यासाठी वरचा भाग थोडा मोठा केला गेला आणि रूळ तेच ठेवले गेले. त्यातून ही विसंगती निर्माण झाली. ती मान्य नसलेले नमुनाकार १८.२ मिमीचे 'ईएम' किंवा १८.८३ मिमीचे 'पी४' गेज वापरतात. युरोप खंडात व इतरत्र रूढ असलेल्या 'एचओ' पद्धतीत प्रमाण १:८७ आणि गेज १६.५ मिमी असल्याने हा प्रश्न उद्भवत नाही.

डब्याच्या बाबतीत गेजपेक्षा लांबीचा प्रश्न अधिक अडचणीचा असतो. १९५१ पासून धावू लागलेल्या ब्रिटिश रेल्वेच्या 'मार्क १' डब्याची लांबी ६४ फूट ६ इंच होती. ४ मिमी प्रमाणात ती २५८ मिमी होते. वास्तवातील पाच चेन (सुमारे १०० मीटर) त्रिज्येचे वळण गाडीच्या दृष्टीने अतिशय तीव्र मानले जाते, पण त्याच प्रमाणात ते १३२० मिमी त्रिज्येचे होते. घरगुती मांडणीतील तयार वळणांची त्रिज्या ४०० मिमीच्या आसपास असते. अशा वळणांवर फिरता यावे म्हणून खेळणी बनवणाऱ्या कंपन्यांनी अनेक वर्षे आखूड केलेले डबे विकले. पूर्ण लांबीचा डबा हवा असणाऱ्याला किटकडे वळावे लागत असे.

इतिहास

दुसऱ्या महायुद्धापूर्वी हौशी कारागीर पुठ्ठा, लाकूड व पत्रा कापून डबे बनवत. इंजेक्शन पद्धतीने ओतलेल्या पॉलिस्टायरीनमुळे हे काम सोपे झाले. बाहुल्या बनवणाऱ्या रोझबड या ब्रिटिश कंपनीने १९५९ मध्ये 'किटमास्टर' नावाने रेल्वे किटची मालिका आणली. तिच्यातील मार्क १ डबे पूर्ण प्रमाणातील लांबीचे होते. १९६२ मध्ये ही मालिका एअरफिक्स कंपनीकडे गेली. पुढे 'रेशो' कंपनीने ग्रेट वेस्टर्नचे चारचाकी डबे व मिडलँड रेल्वेचे ४८ फुटी उपनगरी डबे प्लास्टिक किटमध्ये उपलब्ध करून दिले. छायाकोरीव पितळी पत्र्यांचे तंत्र स्वस्त झाल्यावर लहान उत्पादकांना थोड्या संख्येनेही किट काढणे परवडू लागले, आणि ज्यांचा खप मोठ्या कंपनीला कधीच पुरेसा वाटला नसता असे डबे बाजारात आले.

या शेवटच्या गोष्टीचे महत्त्व केवळ छंदापुरते नाही. एकोणिसाव्या शतकातील व विसाव्या शतकाच्या आरंभीचे ब्रिटिश डबे बहुतांशी लाकडी होते आणि सेवेतून निघाल्यावर त्यांपैकी बहुसंख्य मोडीत निघाले. ज्या प्रकारांचा एकही खरा डबा उरलेला नाही, त्यांचे त्रिमितीय रूप पाहायला मिळते ते अशा प्रतिकृतींमधूनच. १९५० मध्ये स्थापन झालेल्या 'हिस्टॉरिकल मॉडेल रेल्वे सोसायटी'ने कारखान्यांची रेखाचित्रे व छायाचित्रे जमवली. बॉब एसेरी आणि डेव्हिड जेनकिन्सन यांनी एलएमएस कंपनीच्या डब्यांवर केलेले लेखन मुळात नमुनाकारांच्या गरजेतून झाले, आज ते रेल्वे इतिहासाचे साधन मानले जाते.

किटचे प्रकार

प्लास्टिक किटमध्ये बाजू, टोके, तळ व छत वेगवेगळे ओतलेले असतात आणि दाराच्या मुठी, बिजागऱ्या, पट्ट्या त्यातच उठावात असतात. पितळी किटमध्ये हे तपशील पत्र्यावर आम्लाने कोरलेले असतात. पत्र्याच्या दोन्ही बाजूंनी कोरले की आरपार खिडकी होते आणि एकाच बाजूने कोरले की अर्धी जाडी उरते. दुमडण्याच्या रेषाही अशाच अर्ध्या कोरलेल्या असतात आणि सामान्यतः कोरलेली रेषा घडीच्या आतल्या बाजूस ठेवून पत्रा दुमडतात. ही सूचना उलटी वाचली गेली तर पत्रा परत सरळ करताना बहुधा तुटतो. यांशिवाय तयार डब्याची खिडक्यांची बाजू कापून तिच्या जागी कोरीव पितळी बाजू चिकटवण्याची मिश्र पद्धतही लोकप्रिय आहे.

पहिल्याच डब्यासाठी पितळी किट निवडणे बहुधा महाग पडते. सोल्डरिंगचा हात बसेपर्यंत प्लास्टिकचा चारचाकी डबा हा अधिक चांगला गुरू ठरतो.

बांधणी

प्लास्टिकचे भाग साच्याच्या दांडीवरून तोडून, उरलेली टोके कानस व बारीक पॉलिश पेपरने घासून घेतात. जोडणीसाठी डिंकापेक्षा ब्युटॅनोनसारखे पातळ द्रावक वापरणे श्रेयस्कर असते. दोन भाग जुळवून धरले आणि कुंचल्याने थेंब टेकवला की द्रावक केशाकर्षणाने फटीत शिरते व प्लास्टिक एकजीव होते. द्रावकाची वाफ बाहेर पडण्यास वाट नसेल तर ती आत कोंडून प्लास्टिक मऊ करत राहते. त्यामुळे काम करताना सरळ दिसणारी बाजू काही महिन्यांनी आत किंवा बाहेर वाकते. म्हणून दोन थरांच्या भिंतींमध्ये आणि बंद पेटीसारख्या भागांत बारीक छिद्रे ठेवतात.

पितळी बाजू सपाट असून चालत नाही. बहुतेक ब्रिटिश डब्यांची बाजू खालच्या टोकाला आत वळलेली असते. हा बाक आणण्यासाठी पत्रा मऊ पण घट्ट पृष्ठावर, उदाहरणार्थ जाड मासिकावर ठेवून गोल सळईने दाबत हळूहळू वळवतात आणि दर वेळी टोकाच्या भिंतीशी ताडून पाहतात. दोन्ही बाजूंचा बाक वेगळा आला तर समोरून पाहताना डबा कलल्यासारखा दिसतो, आणि रंग लावल्यावर हा दोष अधिकच उठून दिसतो.

सोल्डरिंगमध्ये वेगवेगळ्या वितळणबिंदूंचे मिश्रधातू क्रमाने वापरण्याची युक्ती उपयोगी पडते. मुख्य जोड सुमारे १८८ अंश सेल्सिअसच्या सोल्डरने, त्यावरचे बारीक भाग १४५ अंशाच्या सोल्डरने आणि पांढऱ्या धातूचे ओतीव भाग ७० अंशाच्या सोल्डरने जोडले तर पुढचे काम करताना मागचे जोड सुटत नाहीत. आम्लयुक्त फ्लक्स प्रत्येक बैठकीनंतर धुऊन टाकावे लागते. ते राहिल्यास पितळेवर हिरवा थर चढतो व रंग सुटतो. द्रावके व सोल्डरचा धूर यांमुळे खोली हवेशीर असणे आवश्यक असते. जुन्या ओतीव भागांत व अनेक सोल्डरांत शिसे असल्याने कामानंतर हात धुतले जातात.

छत कायमचे बसवायचे की तळ, हा निर्णय या टप्प्यावरच घ्यावा लागतो. आसने, प्रवासी किंवा दिवे बसवायचे असतील तर एक भाग सुटा राहिला पाहिजे. छत चिकटवून तळ स्क्रूने बसवला तर छत व भिंत यांमधील फट दिसत नाही आणि डबा पुन्हा उघडता येतो. गुण्या लावून चारही कोपरे काटकोनात असल्याची खात्री मात्र छत बसण्यापूर्वीच करायची असते.

चाके व चाल

चाकांच्या आसांची टोके सुईसारखी अणकुचीदार असतात आणि ती पितळी वाट्यांत फिरतात. ४ मिमी प्रमाणात असा आस साधारणतः २६ मिमी लांब असतो. चारही चाके एकाच वेळी रुळाला टेकली नाहीत तर डबा घसरतो, म्हणून चारचाकी डब्यात एक आस डोलता ठेवतात. त्यामुळे तीन पायांच्या तिपाईप्रमाणे डबा असमान रुळावरही स्थिर राहतो. सहाचाकी डबा हा सर्वांत अवघड प्रकार आहे, कारण वळणावर मधली चाके बाजूला सरकायला हवीत. त्यासाठी जेम्स क्लेमिन्सन यांनी एकोणिसाव्या शतकात खऱ्या गाड्यांसाठी योजलेली रचना किटमध्येही वापरली जाते. तिच्यात मधला आस आडवा सरकतो आणि त्याला जोडलेले टोकाचे आस वळणाच्या दिशेने फिरतात.

फार हलका डबा उलटतो आणि फार जड झाल्यास इंजिनाला ओढवत नाही. ब्रिटिश नमुनाकारांत प्रत्येक आसामागे सुमारे २५ ग्रॅम हा अंदाज रूढ आहे, म्हणजे दोन बोगींच्या डब्याला १०० ग्रॅम. अमेरिकेतील एनएमआरए या संघटनेची एचओसाठीची शिफारस एक औंस अधिक लांबीच्या प्रत्येक इंचामागे अर्धा औंस अशी आहे. त्या हिशेबाने दहा इंची डबा सहा औंस, म्हणजे सुमारे १७० ग्रॅम होतो. दोन्हींतील तफावत मोठी असली तरी एकाच गाडीतील सर्व डब्यांना एकच नियम लावला की गाडी नीट चालते.

रंगकाम व अंतिम सजावट

रंगापूर्वी डबा भांडी घासण्याच्या साबणाने धुऊन वाळवतात आणि त्यानंतर त्याला हात लावत नाहीत. प्रायमरचा पहिला हात परीक्षेसारखा असतो. राखाडी रंगात प्रत्येक ओरखडा व उघडा जोड दिसू लागतो, आणि दुरुस्तीची ती शेवटची सोयीची वेळ असते. डब्याच्या आतली बाजूही याच वेळी रंगवतात. दुरंगी डब्यावर फिका रंग आधी देतात. ग्रेट वेस्टर्नच्या चॉकलेटी व मलईरंगी डब्यावर प्रथम मलईरंग देऊन, तो मास्किंग टेपने झाकून खाली चॉकलेटी मारतात.

एलएनईआरचे वॉर्निश केलेले सागवानी डबे हे वेगळेच आव्हान असते, कारण तेथे रंग नव्हे तर लाकूड दाखवायचे असते. पिवळसर नारिंगी थर वाळल्यावर त्यावर गडद तपकिरी तैलरंगाचा अतिपातळ हात देऊन जवळजवळ कोरड्या कुंचल्याने तो ओढतात. लाकडाच्या रेषा प्रत्येक फळीवर सारख्या आल्या तर परिणाम कृत्रिम वाटतो. म्हणून काही फळ्यांवर मूळ रंग मुद्दाम थोडा वेगळा ठेवला जातो.

सीमारेषा ओढण्याच्या कामात बहुतेक प्रतिकृती बिघडतात. खऱ्या डब्यावरील अर्धा इंच रुंदीची सोनेरी रेषा ४ मिमी प्रमाणात ०.१७ मिमीपेक्षाही बारीक होते. ती दोन पात्यांच्या रेखणीने इनॅमल रंगात ओढतात किंवा छापील ट्रान्सफर वापरतात. चकचकीत पृष्ठावर रेखणी सहज सरकते, आणि चुकलेली रेषा ओली असताना स्पिरिटने भिजवलेल्या कुंचल्याने पुसता येते. शेवटी अर्धचमकदार वॉर्निशचा हात दिला की रेषा, अक्षरे व मूळ रंग यांतील चमकेचा फरक नाहीसा होतो.

काचा वॉर्निशनंतरच बसवतात. त्यासाठी झटपट चिकटणारा सायनोअ‍ॅक्रिलेट गोंद टाळला जातो. त्याच्या वाफेने पारदर्शक प्लास्टिकवर पांढरे धुके चढते, आणि बंद डब्यात ते आतल्या बाजूला असल्याने पुसताही येत नाही. सुतारकामाचा पांढरा डिंक पुरेसा होतो. छताचा रंग हा डब्याच्या वयाचा प्रश्न असतो. कारखान्यातून पांढरे निघालेले छत वाफेच्या इंजिनाच्या काजळीने लवकरच राखाडी होत असे. त्यामुळे झळझळीत पांढऱ्या छताचा डबा नुकताच रंगवलेला असावा असा अर्थ निघतो.

वर्गाच्या पाट्यांनाही इतिहास असतो. मिडलँड रेल्वेने १८७५ मध्ये दुसरा वर्ग रद्द केल्याने तिच्या नंतरच्या डब्यांवर पहिला व तिसरा एवढेच आकडे येतात. ब्रिटनमध्ये तिसऱ्या वर्गाला 'दुसरा' हे नाव १९५६ मध्ये मिळाले. त्यामुळे एकाच डब्यावरील आकडा तो कोणत्या वर्षीचा डबा आहे हे सांगून जातो.

भारतीय डब्यांच्या प्रतिकृती

भारतीय ब्रॉडगेज डबा एचओ प्रमाणात करताना जुनी ब्रिटिश अडचण पुन्हा समोर येते. १६७६ मिमीचे गेज १:८७ प्रमाणात १९.३ मिमी होते, पण सहज मिळणारे रूळ १६.५ मिमीचे असतात. त्यामुळे डब्याचे माप अचूक ठेवले तर चाके खाली आत सरकलेली दिसतात. पेरांबूर येथील इंटिग्रल कोच फॅक्टरीत १९५५ पासून बनलेल्या आयसीएफ डब्याचा सांगाडा २१.३४ मीटर लांब, म्हणजे प्रतिकृतीत २४५ मिमी असतो. एलएचबी डबा २३.५४ मीटरचा, म्हणजे सुमारे २७१ मिमीचा होतो. दोन्ही प्रकार एकाच गाडीत जोडल्यास हा फरक नजरेत भरतो.

१ जून १९३० रोजी सुरू झालेली 'डेक्कन क्वीन' हा नमुनाकारांसाठी आकर्षक विषय आहे. तिच्या डब्यांच्या तळचौकटी इंग्लंडमध्ये, तर वरचे सांगाडे जीआयपी रेल्वेच्या माटुंगा कारखान्यात बनले होते. सात-सात डब्यांच्या दोन गाड्यांपैकी एक रुपेरी रंगाची व लाल पट्ट्यांची, तर दुसरी गडद निळी व सोनेरी रेषांची होती. आरंभी त्यांत पहिला व दुसरा असे दोनच वर्ग होते आणि तिसरा वर्ग १९५५ मध्ये आला. १९३० ची गाडी म्हणून बनवलेल्या प्रतिकृतीवर तिसऱ्या वर्गाची पाटी लावणे म्हणूनच चूक ठरते. चालत्या लघु रेल्वेची मोठी मांडणी महाराष्ट्रात पुण्याच्या कोथरूड भागातील जोशी लघु रेल्वे संग्रहालयात पाहता येते. ते १९९८ मध्ये सुरू झाले असून तेथील मांडणी एचओ प्रमाणात आहे.