हौसेला दुकानाचा टेकू

घरी बनवलेली बीअर मित्रांना पाजता येते, स्पर्धेत मांडता येते. विकता मात्र येत नाही. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याची ही अट आहे. त्यामुळे तेथील हौशी बीअर मंडळांपुढे एक प्रश्न नेहमीच उभा असतो. ज्या वस्तूची विक्री करण्यास मनाई आहे, तिच्याभोवती चालणाऱ्या सभा, प्रात्यक्षिके आणि स्पर्धा यांचा खर्च कोणी उचलायचा? याचे उत्तर अनेक मंडळांना जवळच्या छोट्या दुकानात सापडले आहे. माल्ट, हॉप्स आणि यीस्ट विकणारा दुकानदार हाच त्यांचा पहिला प्रायोजक ठरला.

बंदीच्या काळातील मंडळ

अमेरिकेतील दारूबंदी १९३३ मध्ये उठली. त्यानंतर घरी वाइन बनवण्यास कायद्याने मुभा मिळाली. बीअर मात्र त्यातून वगळली गेली. १४ ऑक्टोबर १९७८ रोजी अध्यक्ष जिमी कार्टर यांनी संबंधित विधेयकावर स्वाक्षरी केली आणि फेब्रुवारी १९७९ पासून ही त्रुटी दूर झाली. या तरतुदीनुसार एकच प्रौढ व्यक्ती असलेल्या घरात वर्षाला १०० गॅलन (सुमारे ३७८ लिटर), तर दोन किंवा अधिक प्रौढ असलेल्या घरात २०० गॅलन बीअर करविना बनवता येते. सर्व ५० राज्यांत मान्यता मिळण्यास मात्र २०१३ साल उजाडावे लागले.

मंडळे याआधीच सुरू झाली होती. ‘माल्टोज फाल्कन्स’ हे अमेरिकेतील सर्वांत जुने मंडळ १९७४ मध्ये लॉस एंजेलिसच्या वुडलँड हिल्स भागात जन्माला आले, तेही जॉन डॉम यांच्या घरगुती वाइन व बीअरचे साहित्य विकणाऱ्या दुकानात. कॅलिफोर्नियातीलच चिको येथे केन ग्रॉसमन यांनी १९७६ मध्ये असेच दुकान थाटले. पुढे त्यांनी स्थापन केलेली ‘सिएरा नेवाडा’ ही ब्रुअरी देशभर प्रसिद्ध झाली.

देवाणघेवाणीचा हिशेब

गणेशोत्सवाच्या मांडवात परिसरातील दुकानदारांचे फलक झळकतात, तसेच हे प्रायोजकत्व वरकरणी वाटते. मात्र येथे दोघांचे नाते अधिक घट्ट आहे. हौशी व्यक्ती साधारणपणे एका खेपेस पाच गॅलन, म्हणजे सुमारे १९ लिटर बीअर बनवते. भांडी व उपकरणे एकदाच घ्यावी लागतात. माल्ट, हॉप्स आणि यीस्ट मात्र प्रत्येक खेपेस लागतात. म्हणजेच मंडळाचा प्रत्येक नवा सभासद हा दुकानाचा संभाव्य नियमित ग्राहक असतो. शिवाय यीस्ट हा सजीव घटक असल्याने तो थंड ठेवावा लागतो व काळानुरूप क्षीण होतो. माल लवकर खपला तर दुकानदाराचे नुकसान टळते आणि ग्राहकाला ताजा माल मिळतो.

म्हणूनच ही मदत बहुधा रोख रकमेची नसते. सभेसाठी जागा, सभासदांना सवलत, नवशिक्यांसाठी प्रात्यक्षिक, विजेत्यांना माल्टचे पोते किंवा खरेदीचे कूपन असे तिचे स्वरूप असते. दुकानदाराला ते पोते घाऊक भावात पडते, विजेत्याच्या लेखी त्याची किंमत किरकोळ भावाची असते.

निकालाची विश्वासार्हता

बक्षीस देणाराच ग्राहकांशी रोजचा संबंध ठेवून असेल, तर निकालावर विश्वास कसा ठेवायचा? १९८५ मध्ये सुरू झालेल्या ‘बीअर जज सर्टिफिकेशन प्रोग्रॅम’च्या पद्धतीत याचे उत्तर आहे. बाटल्यांवर नावाऐवजी क्रमांक असतो, ५० पैकी गुण दिले जातात आणि स्वतःची बीअर ज्या गटात आहे, त्या गटाचे परीक्षण परीक्षकाला करता येत नाही. प्रायोजक बक्षीस देतो, विजेता ठरवत नाही.

मालकीचा प्रश्न मात्र अशा नियमांनी सुटत नाही. ‘नॉर्दर्न ब्रुअर’ या मोठ्या साहित्य-विक्रेत्या कंपनीची मालकी ‘एबी इनबेव्ह’ या बलाढ्य बीअर उद्योगाच्या शाखेकडे गेल्याचे २०१६ मध्ये उघड झाले, तेव्हा हौशी मंडळींत नाराजी उमटली. मोठ्या कंपन्यांच्या एकसुरी बीअरला पर्याय म्हणून अनेकांनी ही हौस जोपासली होती. पुढे या कंपनीची मालकी पुन्हा बदलली.

इंटरनेटवरून होणाऱ्या विक्रीचे आव्हान वेगळे आहे. दूरच्या गोदामातून माल स्वस्तात घरपोच येतो. पण बिघडलेली बीअर चाखून चूक कोठे झाली, हे सांगणारा दुकानदार त्यासोबत येत नाही. जवळचे दुकान बंद पडले, की मंडळाची सभेची जागाही जाते. चार पैसे वाचवणाऱ्या सभासदाला ही किंमत बिलावर दिसत नाही.

महाराष्ट्रात १९४९च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय मद्यनिर्मिती हा गुन्हा आहे. त्यामुळे अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी माणसाला तेथे जोपासता येणारा हा छंद येथे घरी आल्यावर करता येत नाही. मात्र हौशी मंडळ आणि शेजारचा दुकानदार यांचे परस्परावलंबन बीअरपुरते मर्यादित नाही. खरेदी कोठे करायची, हे ठरवताना आपल्या मंडळाची सभा कोठे भरते, याचाही विचार सभासदांना करावा लागतो.