परित्यक्त बालक आणि दत्तकाचा कायदा

बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर येथील मराठी वाचकास 'दत्तक' म्हणताच प्रथम गादी आठवते. नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याच्या गोपाळरावास महाराणी जमनाबाईंनी १८७५ साली दत्तक घेतले व तेच पुढे सयाजीराव महाराज झाले, ही हकीकत सर्वश्रुत आहे. वंश, वतन आणि पिंडदान यांची सोय लावणे हा त्या दत्तकाचा हेतू. मुलगा बहुधा भाऊबंदांतला आणि मातापित्यांनी स्वहस्ते दिलेला असे. देणाराच नसेल तर दत्तक सिद्ध होत नसे. सबब अनाथाला त्यात सामान्यतः जागाच नव्हती. अशा अर्भकांसाठी जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, आणि तेथेच जन्मलेल्या यशवंतास आपला पुत्र मानले. कायदा तेथवर पोहोचावयास शतक लोटले.

१९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियमाने मुलीलाही दत्तक घेता येऊ लागले. १९६२ च्या दुरुस्तीने, मातापित्यांनी टाकलेले किंवा ज्याचे मातापिता अज्ञात आहेत असे मूल न्यायालयाच्या परवानगीने दत्तक देण्याचा अधिकार पालकास मिळाला. इतर धर्मीयांना मात्र १८९० च्या कायद्याखाली केवळ पालकत्व घेता येई. गोव्यात तर १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेत दत्तकाची तरतूदच नव्हती. हिंदूंपुरती ती रूढी १८८० च्या हुकूमनाम्याने राखली गेली. हा भेद बाल न्याय अधिनियमाने दूर केला. त्याखाली कोणत्याही धर्माच्या व्यक्तीस दत्तक घेता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली स्पष्ट केले.

सध्या २०१५ चा बाल न्याय अधिनियम लागू आहे. टाकलेले मूल आढळल्यास चोवीस तासांच्या आत पोलीस, बालकल्याण समिती किंवा १०९८ या दूरध्वनी क्रमांकावर कळविणे बंधनकारक आहे. दयेपोटी मूल परस्पर घरी नेऊन वाढविणे हा मात्र त्या मुलावर नकळत केलेला अन्यायच होय, कारण त्याला ना जन्मदात्यांचा शोध लाभतो, ना वारसाहक्क. समिती चौकशी करून दोन वर्षांपर्यंतच्या बालकास दोन महिन्यांत, त्याहून मोठ्यास चार महिन्यांत दत्तक देण्यास मुक्त असल्याचे जाहीर करते.

आणखी एक तरतूद फारशी कोणास ठाऊक नसते. मूल सांभाळणे अशक्य झालेल्या मातेस ते समितीपुढे रीतसर समर्पित करता येते. फेरविचारासाठी तिला दोन महिने मिळतात, आणि या चौकशीत जन्मदात्यांविरुद्ध प्राथमिक माहिती अहवाल नोंदविला जात नाही. ही गोष्ट प्रत्येक प्रसूतिगृहात सांगितली गेली, तर कित्येक अर्भके उकिरड्यावर व देवळाच्या पायरीवर पडावयाची वाचतील. प्रसूतिगृहातून परस्पर मूल 'मिळवून' देणाऱ्यांपासून मात्र सावध असावे; मुलाच्या क्रयविक्रयास पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपये दंड आहे.

दत्तक घेऊ इच्छिणाऱ्यांनी केंद्रीय प्राधिकरणाकडे, म्हणजे 'कारा'कडे, नाव नोंदवावे. त्यानंतर गृहभेट होते. सप्टेंबर २०२२ पासून अंतिम आदेश न्यायालयाऐवजी जिल्हा दंडाधिकारी देतात. त्या आदेशाच्या तारखेपासून ते बालक वारसाहक्कासह सर्वार्थाने त्या घरचे अपत्य ठरते.