बेस वाढवू नको, वाटून दे!

महागाची सिस्टीम बसवली तरी आवाज फाटतो, ट्विटर जळतात. दोष कंपनीचा की ॲम्पवरच्या त्या दोन छोट्या बटणांचा?

दिवाळीला दिंद्रुडला गेलो, तर मामेभाऊ ट्रॅक्टरच्या मडगार्डवर टेस्टर घेऊन बसलेला. समोर जळालेला ट्विटर. हंगाम सुरूही झाला नव्हता आणि हा तिसरा!

‘कंपनीच बोगस हाय,’ दादा म्हणाला. ‘आठ दिवसांत कारखान्यावर निघायचंय. आता पुन्हा पैसे कुठून आणू?’

ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरवरचं साउंड म्हणजे नुसती मस्ती, असं शहरातल्या दोस्तांना वाटतं. मस्ती असतेच, नाही कशाला म्हणू! पण मागं दोन भरलेल्या ट्रॉल्या, रात्रीचा रस्ता, मग कारखान्याच्या यार्डात नंबर लागायची वाट बघत काढलेले तास. डोळा लागू नये म्हणून सोबतीला कुणी असेल तर तो टेपच. त्यासाठी दादानं उचलीतले पैसे मोडले होते.

मी ॲम्प बघितला. सगळे स्विच ‘फुल’वर. बेस बूस्ट शेवटपर्यंत. गेनसुद्धा शेवटपर्यंत. म्हणजे बारक्या ट्विटरपासून बारा इंची सबवूफरपर्यंत सगळ्यांना एकच काम, आणि तेही जीव तोडून.

आपल्याला साधारण 20 ते 20,000 हर्ट्झपर्यंतचं ऐकू येतं. हे सगळं वाजवणारा एकच स्पीकर अजून तरी कुणाला परवडणारा नाही. सप्ताहातला पखवाज आठवा. डाव्या तोंडाला कणीक लावतात, उजव्याला शाई असते. घुमारा डावीकडून, टणक बोल उजवीकडून. डाव्यानं उजव्याचं काम करायचं नाही. गाडीत ही वाटणी करतो तो क्रॉसओव्हर. हाय पास फिल्टर, म्हणजे एचपीएफ, ठरलेल्या आकड्याच्या वरचा आवाज जाऊ देतो. लो पास, म्हणजे एलपीएफ, खालचा.

वाटणी नसेल तर काय होतं? तेवढाच मोठा आवाज एक सप्तक खाली काढायचा, तर स्पीकरच्या पडद्याला चौपट पुढं-मागं हलावं लागतं. 80 हर्ट्झला जो साडेसहा इंची स्पीकर आरामात चालतो, तो 40 हर्ट्झला धापा टाकतो. त्याच पडद्यावर गाणाऱ्याचा आवाज असतो, तोही सोबत थरथरतो. आपण म्हणतो, ‘आवाज फाटला’.

आता स्लोप. फिल्टर म्हणजे भिंत नाही, उतार आहे. 80 वर एचपीएफ आणि 12 डीबी स्लोप ठेवला, तर 40 हर्ट्झला स्पीकरकडे जाणारी पॉवर सुमारे सोळाव्या हिश्श्यावर येते. 24 डीबीचा उतार त्याहून कितीतरी उभा. आज पुष्कळ डीएसपीमध्ये ‘एल-आर 24’ असा पर्याय दिसतो ना, ती झिगफ्रीड लिंकविट्झ आणि रस रायली या दोन इंजिनिअरांची आद्याक्षरं. त्यांची पद्धत 1976 मध्ये छापून आली. त्यात दोन्ही फिल्टर जोडावर 6-6 डीबी खाली असतात, पण दोघांचा आवाज मिळून सपाट येतो.

दादाचा ट्विटर मात्र वेगळ्याच कारणानं जात होता. ‘वायरीत काहीतरी अडकवलं होतं, म्या काढून टाकलं. आवाज वाढंल म्हणून!’

ते ‘काहीतरी’ म्हणजे कपॅसिटर. ट्विटरचा गरिबाघरचा क्रॉसओव्हरच तो! 4 ओहमच्या ट्विटरला 4.7 मायक्रोफॅरड लावला, की साधारण 8,500 हर्ट्झच्या खालचं उतरायला लागतं. 10 लावला तर तोच आकडा 4,000 वर येतो, म्हणजे ट्विटरवर ओझं जास्त. तो नॉन-पोलर पाहिजे, एवढं दुकानात आठवणीनं सांगायचं. माजलगावला जाऊन दोन आणले. ट्विटरपुढं त्यांची किंमत किरकोळ.

मग संध्याकाळभर बसलो. आधी सगळं शून्यावर: बेस बूस्ट बंद, लाउडनेस बंद, इक्वलायझर सपाट. टेपवरचा क्रॉसओव्हर बंद ठेवून फक्त ॲम्पवरचा चालू केला. दोन्हीकडे लावला तर उतारावर उतार चढतो आणि मधला आवाज गायब होतो. कारमध्ये मी दारातल्या स्पीकरला एचपीएफ 80 आणि सबला एलपीएफ 80 इथूनच सुरुवात केली असती. पण ट्रॅक्टर उघडा. बंद गाडीत खालचा बेस आपोआप फुगतो, इथं तो शेतात निघून जातो. म्हणून दोन्ही 100 वर आणले. 120 केलं, तर गाणारा बुवा सीटमागच्या डब्यात बसल्यासारखा वाटायला लागला. परत 100.

फेजचा स्विच 0 वर होता. 180 केला आणि बेस एकदम भरला. दादा माझ्याकडं बघतच राहिला. यात जादू नाही. सब पुढं ढकलत असताना दुसरे स्पीकर मागं ओढत होते, म्हणून जोडावरचा आवाज एकमेकांना खात होता. कुठली बाजू बरोबर, ते कानानंच ठरवायचं.

गेन शेवटी. ते आवाजाचं बटण नाहीच. टेप पाऊण आवाजावर ठेवून गेन हळूहळू वाढवायचा, फाटायला लागला की थोडा मागं. ॲम्प दमला की लाटेचे शेंडे कापतो, त्यातून वरचे सूर तयार होतात आणि ते थेट ट्विटरवर जातात. कपॅसिटर असूनही ट्विटर जळतात ते असे.

एक भांडण बाकी राहिलं, आवाजाचं. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री 10 ते सकाळी 6 सार्वजनिक जागी लाउडस्पीकर चालत नाही, हे दादाला माहीत होतं. अमेरिकेतल्या नायोश या संस्थेचा हिशेब माहीत नव्हता: 85 डेसिबल असेल तर दिवसाला आठ तास, पुढं दर 3 डेसिबलला वेळ निम्मा. 100 डेसिबलला उरतात पंधरा मिनिटं.

‘मागून हॉर्न वाजला तर येतो का ऐकू?’ मी विचारलं.

‘कधी येतो, कधी न्हाई.’

त्यानंतर त्यानं गाणं लावलं. आवाज निम्म्याच्याही खाली, शब्द न्‌ शब्द स्पष्ट. वर केला नाही. का, ते मी विचारलं नाही.

मागच्या आठवड्यात यार्डातून रात्री साडेअकराला त्याचा फोन आला. ट्विटर शाबूत आहेत. शेजारच्या ट्रॅक्टरवाल्याला आकडे पाहिजे होते.

‘याचे स्पीकर चार इंचीच हायेत. किती ठेवू?’

म्हटलं, एचपीएफ 120 पासून सुरू करा. आणि त्याला आधी विचार, कपॅसिटर काढून तर टाकला नाही ना!